पोकर टेबलावरचे तंटे: तुमचे प्रश्न

प्रश्न: ब्लाइंड्स (पत्ते बघण्याआधीच लावायच्या सक्तीच्या पैजा) १००-२००. फ्लॉपनंतर (टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेले पहिले तीन पत्ते) समोरच्याने ४०० लावले. मी हजाराची एकच चिप पुढे केली आणि लगेच ‘रेझ’, म्हणजे पैज वाढवतो, असं म्हणालो. डीलरने तो कॉल, म्हणजे समोरच्याइतकीच पैज, धरला. माझ्याकडे एक्क्यांची जोडी होती, नुसता कॉल मी कशाला करीन? तसं मी फ्लोअरलाही (तंटे सोडवणारा अधिकारी) सांगितलं, पण उपयोग झाला नाही. हा अन्याय नाही का?

उत्तर: नाही, डीलरचं बरोबर होतं. न बोलता टाकलेली एकच मोठी चिप म्हणजे कॉल. चिप टेबलाला टेकण्याआधी ‘रेझ’ म्हणाला असतात आणि आकडा सांगितला नसता, तरी पूर्ण हजारांचा रेझ धरला गेला असता. पाचशेच्या दोन चिपा एकदम टाकल्या असत्या तर न बोलताही तो रेझच. कारण त्यातली एक काढली तरी ४०० चा कॉल भागतो.

हा काटेकोरपणा हवाच. चिप टाकायची, समोरच्याचा चेहरा वाचायचा आणि मग ठरवायचं, ही पळवाट त्यामुळे बंद होते. ‘तुझे ४०० मान्य, आणि वर ६००’ हे चित्रपटांत हमखास दिसणारं वाक्यही त्याच कारणाने चालत नाही. ‘मान्य’ म्हटलं की कॉल झाला, पुढचं बाद. याला स्ट्रिंग बेट म्हणतात. ते थांबवणं डीलरचं काम. त्याच्या नजरेतून सुटलं तर तुम्ही खुशाल आवाज द्या, त्यात असभ्य काही नाही.

मला खरी काळजी वाटली ती एक्क्यांची. मी आधी डीलर होते, मग फ्लोअरवर आले, आणि रागाच्या भरात डाव चालू असताना हातातले पत्ते सांगून टाकणारे खेळाडू मी सतत पाहिले आहेत. फ्लोअरला तुमचे पत्ते कळायची गरजच नसते. चिप आधी पडली की शब्द आधी आला, एवढंच तो विचारणार, तेही आधी डीलरला. तुमचे एक्के मात्र समोरच्याला फुकटात कळले, आणि टर्न-रिव्हर, म्हणजे टेबलावरचे शेवटचे दोन पत्ते, अजून बाकी होते! तंटा असेल तर हात वर करा, ‘फ्लोअर’ म्हणा आणि पुढचा पत्ता उघडण्याआधी म्हणा.

प्रश्न: समोरचा ‘स्ट्रेट’ म्हणाला म्हणून मी पत्ते टाकून दिले. निघाली नुसती जोडी, तरी पॉट (डावात जमलेल्या सगळ्या चिपा) त्यालाच! माझ्याकडे दोन जोड्या होत्या.

उत्तर: तुमची चीड रास्त आहे. शोडाउनला, म्हणजे शेवटी पत्ते दाखवताना, तोंडी दाव्याला किंमत नाही, उघडे पत्ते बोलतात. मात्र तुमचे पत्ते मकमध्ये (टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगात) मिसळले की तुमचा हात संपला. त्याने मुद्दाम खोटं सांगितलं असेल तर स्पर्धेत त्याला दंड होऊ शकतो. नियम काहीही सांगो, माझ्या लेखी ही शुद्ध फसवणूक आहे. यापुढे त्याचे दोन्ही पत्ते उताणे पडेपर्यंत तुमचे सोडू नका. तो कितीही घाई करू दे.