स्ट्रोकनंतर बाबांना लिहिता येतं पण वाचता येत नाही, हे वयामुळे असेल का?

तुम्ही लिहिलंय की बाबा ६९ वर्षांचे आहेत, तीन महिन्यांपूर्वी स्ट्रोक झाला, बोलणं-चालणं ठीक आहे. किराणाची यादी स्वतः लिहितात, आणि थोड्या वेळाने तीच यादी त्यांना वाचता येत नाही. घरचे म्हणतात वय झालं, चष्मा बदला.

हे वयाचं नाही. मी मुंबईत स्पीच थेरपिस्ट आहे आणि स्ट्रोकनंतर गेलेलं वाचन हाच माझ्या अभ्यासाचा विषय. वय वाढलं की वाचन मंदावतं. डोळ्याची बाहुली लहान होते, आत उजेड कमी जातो, फिकट छपाई त्रास देते. पण ओळखीचे शब्द ओळखीचेच राहतात. हे खात्रीने सांगता यावं म्हणून आम्ही धडधाकट आजी-आजोबांनाही वाचायला बसवतो. 'मला कुठे काय झालंय?' असं ते विचारतात. पण त्याच वयाचं, तेवढंच शिकलेलं निरोगी माणूस शेजारी नसेल तर झटक्याने काय नेलं ते कळणार कसं? चौथी शिकलेल्या गिरणी कामगाराची तुलना निवृत्त शिक्षिकेशी करून चालत नाही.

बाबांसारखा रुग्ण १८९२ मध्ये पॅरिसच्या देजेरिन या डॉक्टरांनी नोंदवला. तो गृहस्थही आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडेच गेला होता. लिहायचा सफाईने, आकडे वाचायचा, पण स्वतःचंच अक्षर त्याला लागत नव्हतं. मृत्यूनंतर मेंदू तपासला तेव्हा डाव्या मेंदूचा मागचा, दृष्टीचा भाग आणि दोन्ही मेंदूंना जोडणाऱ्या पुलाचा मागचा भाग खराब झालेला दिसला. अक्षर डोळ्यांना दिसतं, पण भाषेच्या भागापर्यंत पोचत नाही. हाताकडे जाणारी वाट मात्र शाबूत असते, म्हणून लिहिता येतं.

लालबागच्या एका आजींचं घरात दोन महिने कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. रोज संध्याकाळी वही उघडून अभंग म्हणायच्या, कुठे अडखळणं नाही. एकदा नातीने पाहिलं, पान उलटायचं राहिलं तरी आजी पुढचा अभंग म्हणत होत्या. सगळं पाठ होतं. औषधाच्या पाकिटावरचं नाव मात्र वाचता येईना. माझ्यासमोर त्यांनी 'कमळ' हा शब्द बोटाने टेबलावर गिरवला, एकेक अक्षर करत, आणि तिसऱ्या अक्षरावर एकदम मान वर करून म्हणाल्या, 'कमळ!' त्यांचं बोट वाचत होतं.

बाबांचंही घरी पाहा. 'घर' आणि 'महानगरपालिका' वाचायला किती फरक पडतो? अक्षरं वाढतील तसा वेळ वाढत असेल तर ते एकेक अक्षर जुळवून वाचताहेत. बसचा नंबर वाचतात पण पाटीवरचं ठिकाण नाही, असंही बऱ्याचदा दिसतं. उजवीकडून आलेला माणूस दिसत नसेल, ओळीची टोकं सुटत असतील तर उजवीकडची नजर गेली असू शकते. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून ती गेली की पुढचा शब्दच दिसत नाही. अशा वेळी रस्ता आणि रेल्वे फलाटावर त्यांना एकटं सोडू नका. 'महापालिका'चं 'पालिका' होत असेल तर प्रकरण वेगळं, तिथे डावी बाजू दुर्लक्षली जातेय.

म्हणून चष्म्याच्या नंबराबरोबर दृष्टिक्षेत्राची तपासणी, म्हणजे पेरिमेट्री, करून घ्या आणि न्यूरोलॉजिस्टना वाचनाचं स्पष्ट सांगा, नाहीतर ते विचारतीलच असं नाही. मग स्पीच थेरपिस्ट. नायर रुग्णालयात आणि वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत हे विभाग आहेत. घरी एकच छोटा उतारा रोज मोठ्याने, पुन्हापुन्हा वाचायला द्या. अडलेलं अक्षर तळहातावर गिरवायला सांगा. 'कि'ची वेलांटी आधी लिहितो पण तिचा उच्चार नंतर होतो, तिथे ते गोंधळतील, तेव्हा सुरुवात बिनवेलांटीच्या शब्दांनी करा. महिनोन्‌महिने लागतात, पण सुधारणा होते. आजी आता नातीला वर्तमानपत्रातले मथळे वाचून दाखवतात, सावकाश.

आणि पुन्हा कधी अचानक दिसणं, बोलणं किंवा वाचणं बिघडलं तर उद्यावर न टाकता थेट रुग्णालय गाठा. पहिल्या भेटीला जाताना बाबांच्या हातची ती किराणाची यादी बरोबर न्या.