इंग्रजीतला आवाजाचा शब्द ‘थड’ (thud, धप्प असा आवाज) नाम की क्रियापद?

दोन्ही. पण नवशिक्याचा घोळ इथे होतो: आपण ‘धपकन पडला’ म्हणतो, म्हणून इंग्रजीत ‘ही फेल थड’ लिहून मोकळे होतो. ते चालत नाही. आपल्या ‘-कन’चं काम तिथे ‘विथ’ करतं: ‘ही फेल विथ अ थड’. शब्दाच्या आधी ‘अ’ किंवा ‘द’ लागला की ते नाम झालं, बिनधास्त वापर.

क्रियापदाची गंमत मात्र वेगळी आहे. ‘द डोर क्रीक्ड ओपन’ बघ. दार करकरत उघडलं. आवाज आणि हालचाल एकाच क्रियापदात. ‘द ट्रक रंबल्ड पास्ट’ तसंच. हे जमलं की लिखाण एकदम सुटसुटीत होतं, म्हणून सराव याचाच जास्त कर.

‘द बलून वेंट पॉप’ ही तिसरी तऱ्हा. इथे भूतकाळ ‘वेंट’ने घेतलाय, ‘पॉप’ तसाच राहतो. बोलण्यात छान, अर्जात नको.

स्पेलिंगचं थोडक्यात: ‘पॉप्ड’, ‘ड्रिप्ड’मध्ये पी दोनदा, ‘क्रीक्ड’मध्ये (creaked) के एकदाच, कारण त्याआधी ‘ea’ असे दोन स्वर आहेत. आणि एका परिच्छेदात असे चार-पाच आवाज कोंबू नकोस, कॉमिक्स वाटतं.