बाहेरचं टेबल निवडताना

थंड हवेच्या देशात वसंतात रेस्टॉरंटच्या अंगणात पहिल्यांदाच बसणार असशील, तर मेनू राहू दे, आधी ऊन कुठून येतंय ते बघ. संध्याकाळी पश्चिमेला मोकळी असलेली जागा धर. या दिवसांत सावली पडली की लगेच गारठा जाणवतो. पाठीशी दिवसभर तापलेली विटांची भिंत मिळाली तर उत्तमच. ऊन गेल्यावरही ती बराच वेळ ऊब देते. उंच इमारतींमधल्या बोळात मात्र बसू नकोस. तिथे वारा असा घुसतो की कागदी रुमालांमागे धावण्यातच जेवण संपतं!

वर टांगलेल्या हीटरवर फार भिस्त नको. त्याची ऊब थेट अंगावर पडते, भोवतालची हवा फारशी तापत नाही. त्यामुळे दोन खुर्च्या पलीकडे त्याचा काही उपयोग नाही. पातळ जॅकेट जवळ असू दे.

परागकणांचा त्रास आहे? दोष बहुधा देखण्या फुलांचा नसतो, वाऱ्यावर पराग सोडणाऱ्या, फुलं नजरेतही न भरणाऱ्या झाडांचा असतो.

बाहेरची टेबलं बऱ्याच ठिकाणी राखून ठेवत नाहीत, तेव्हा गर्दीच्या जरा आधीच पोहोच. आणि पाऊस आला तर आत जागा मिळेल का, हे बसण्यापूर्वीच विचारून घे.