शेळी, मुलगा आणि मधला करडा रंग

प्रिय,

तू पाठवलेले मेंढपाळांचे फोटो सावकाश पाहिले. कळप पाण्यावर उतरतानाचा फोटो मनापासून आवडला. बाकीच्यांबद्दल मोकळेपणानं लिहितो.

बऱ्याच फोटोंतला रंग नंतर काढून टाकलाय, हे लगेच कळतं. दुपारचं ऊन, फिके रंग, मग करा काळं-पांढरं! यानं फोटो सावरत नाही. लाल शाल आणि हिरवं झुडूप डोळ्यांना कितीही वेगळी दिसोत, दोघांचा उजळपणा सारखा असला की दोन्ही एकाच करड्या छटेत मिसळून जातात. तुझ्या शेळीच्या फोटोत असंच झालंय. काळी शेळी, मागे गर्द सावली. तिचं डोकं कुठे संपतं ते कळतच नाही आणि मुलाचा हात नुसता अधांतरी दिसतो. दोन पावलं बाजूला सरकून मागे उजळ धूळ घेतली असतीस, तर शिंगाची कड, कानावरची लव आणि तिच्यात रुतलेली त्याची बोटं सगळं सुटं दिसलं असतं. फोटोचा जीव त्या बोटांतच होता.

यावर एक उपाय आहे. कॅमेरा रॉवर ठेव, म्हणजे सेन्सरची सगळी कच्ची माहिती फाइलमध्ये साठते, आणि पिक्चर स्टाइल मोनोक्रोम कर, म्हणजे पडद्यावर फोटो काळा-पांढरा दिसतो. रंगांची माहिती फाइलमध्ये शाबूत राहते, पण डोळ्याला जागेवरच छटा बघायची सवय लागते. नंतर एकेका रंगाचा उजळपणा हवा तसा कमी-जास्त करता येतो. फिल्मवाले हेच काम लेन्सवर पिवळा किंवा लाल फिल्टर चढवून करत. लाल फिल्टरनं निळं आकाश गडद होतं. कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस, ते सगळ्यालाच मधल्या करड्याकडे ओढतं. पांढऱ्या मेंढ्यांनी फ्रेम भरली तर एक्स्पोजर, म्हणजे आत घेतलेला प्रकाश, थोडं वाढव, काळ्या म्हशीनं भरली तर कमी कर. मात्र डिजिटलमध्ये पूर्ण जळालेला पांढरा भाग परत येत नाही, म्हणून हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजळ-गडद भागांचा आलेख, बघत जा.

आता अंतराबद्दल. ब्राझीलचे छायाचित्रकार सेबास्तियाव साल्गादो यांनी २००४ साली गालापागोस बेटांवरून ‘जेनेसिस’ या निसर्गावरच्या छायाचित्र-प्रकल्पाचं काम सुरू केलं. त्याआधी त्यांचे फोटो प्रामुख्यानं माणसांचे होते, कामगारांचे, स्थलांतरितांचे. गालापागोसमधलं एक महाकाय कासव साल्गादो जवळ गेले की निघून जायचं. शेवटी साल्गादो हात-गुडघे टेकून त्याच्या उंचीवर आले, तेव्हा ते थांबलं. मग कासव जवळ यायला लागल्यावर साल्गादो स्वतः मागे सरकले, ही जागा तुझी आहे हे त्याला कळावं म्हणून. तुझे बहुतेक फोटो उभ्यानं, वरून काढलेत. वरून जनावराची फक्त पाठ दिसते. खाली बस. आणि लांब लेन्सचा मोह आवर. तिनं जनावर मोठं होतं, पण त्याचा माणूस आणि दोघांच्या पायाखालची जमीन फ्रेमबाहेर जाते. ३५ मिमी लेन्स लावून जवळ जायला वेळ लागतो, तो लागू दे.

सगळ्यात महत्त्वाचं मोटरसायकलबद्दल. एका फ्रेममध्ये ती म्हाताऱ्या मेंढपाळाच्या मागे उभी आहे, पुढच्या फ्रेममध्ये तू ती कडेनं कापलीस. वर्ल्ड प्रेस फोटो या आंतरराष्ट्रीय वृत्तछायाचित्र स्पर्धेत रंगीत फोटो काळा-पांढरा केलेला चालतो, त्यात काही घातलेलं किंवा पुसलेलं चालत नाही. नुसतं क्रॉप करणं नियमात बसेल, तरी मला ते खटकतं. रंग गेला की कुठलाही फोटो आपोआप जुना वाटायला लागतो. त्यात मोटरसायकल, घड्याळ, प्लास्टिकचा कॅन काढून टाकला, की आज जगणारा माणूस दंतकथेतला होऊन बसतो. सायबेरियातले रेनडिअर पाळणारे नेनेत्स लोक स्नोमोबाईलही चालवतात; म्हणून काही त्यांचं रेनडिअरशी असलेलं नातं खोटं ठरत नाही. आपण डॉक्युमेंटरी, म्हणजे खऱ्या जगण्याची नोंद ठेवणारी छायाचित्रं काढतो, त्यात काळाची खूण राहायलाच हवी.

पुढच्या खेपेला फाइली नकोत, पोस्टकार्डएवढे प्रिंट पाठव. मागे पेन्सिलनं तारीख, ठिकाण आणि तो माणूस त्या क्षणी काय करत होता ते लिही. नाव त्याला विचारूनच लिही. वन्यप्राण्याचं घरटं किंवा बीळ असेल तर मात्र ठिकाण लिहू नकोस, आणि फोटो कुठेही टाकण्याआधी फाइलमधली ठिकाणाची जीपीएस नोंद काढून टाक. शिकारीही फोटो बघतात.

तुझा,
काका