वाचकांचे प्रश्न : एका दिवसात ग्योंगजू, तेही पायी

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही जुळे सोलापूरला राहतो. लेक बुसानला शिकायला आहे, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी आणि आमचे हे तिच्याकडे निघालोय. ग्योंगजू म्हणून कोरियाची जुनी राजधानी जवळच आहे, पण तिला सुट्टी एकच दिवस मिळणार. तिने अकरा ठिकाणांची यादी पाठवलीय, ती बघूनच दमायला झालं. ह्यांचं वय ६६, रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाकडे फेरी असते पण गुडघे कुरकुरतात. टॅक्सीतून पळतपळत बघण्यापेक्षा चालत निवांत बघावं असं मला वाटतं. जमेल का? कुठून सुरू करू, काय सोडू?

उत्तर : काकू, जमेल, आणि तुम्हाला वाटतंय तेच बरोबर आहे. आधी यादीतलं बुल्गुक्सा हे बौद्ध मंदिर आणि सॉकगुराम हे बुद्धमूर्तीचं दगडी लेणं खोडून टाका. दोन्ही सुंदर आहेत, इ. स. ७५१ मध्ये बांधायला घेतलेली, जागतिक वारसा यादीत आहेत, सगळं खरं. पण ती गावापासून पंधराएक किलोमीटरवर, सॉकगुराम तर त्याहून वर डोंगरात, आणि अर्धा दिवस बसमध्येच जातो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हीच चूक केली होती, सकाळी बुल्गुक्सा गाठलं, तिथून सॉकगुराम, परत गावात येईपर्यंत चार वाजले, आणि खरी राजधानी मी धावत बघितली. अजून हळहळ वाटते. लेकीला पुढे सुट्टी मिळाली तर त्या दोन्हींसाठी वेगळा दिवस काढा.

आता गाव कसं आहे ते सांगते म्हणजे चालण्याचा हिशोब लागेल. आपल्याकडे कसा भुईकोट किल्ला, त्याला लागून तलाव, तलावात सिद्धेश्वराचं देऊळ, सगळं एकमेकांना खेटून आहे, तसंच तिथेही राजांच्या समाध्या, वेधशाळा, राजवाड्याची टेकडी, राजाचा तलाव आणि म्युझियम हे सगळं एका फेरीत येतं. सगळं धरून सहा-सात किलोमीटर, तेही सपाटीवर, चढ म्हणाल तर राजवाड्याच्या टेकडीचा आणि तोही थोडाच. अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा ठाऊक असलेल्या माणसाला गाव पायांनी वाचायचं म्हणजे काय हे मी काय सांगायचं.

हे गाव सिल्ला राज्याची राजधानी होतं, परंपरेने इ. स. पूर्व ५७ ते इ. स. ९३५, म्हणजे जवळजवळ हजार वर्षं एकच राजधानी. बुसानहून बसने तासाभरात पोचता, आणि बसनेच या, कारण फास्ट ट्रेनचं स्टेशन गावाबाहेर आहे, बसस्टँडवरून मात्र समाध्यांचं मैदान दहा-पंधरा मिनिटं चालत. फोनमध्ये नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप टाकून घ्या, चालायचा रस्ता दाखवण्यात तिथे गुगलपेक्षा हे बरे पडतात.

सकाळी पहिलं देरुंगवॉन, तेच समाध्यांचं मैदान. गवताने झाकलेले मोठमोठे गोल ढिगारे, एकूण २३, भर गावात. सगळ्यात मोठा ह्वांगनामदेचोंग, दोन ढिगारे जोडलेला, लांबी साधारण १२० मीटर, उंची बावीस-तेवीस मीटर, म्हणजे सात मजली इमारतीएवढा आणि तो माणसांच्या हातांनी रचलेला. नावात एक गंमत आहे ती ह्यांना सांगा, म्हणजे पाट्या वाचायला मजा येईल: आत कोण आहे ते माहीत असेल तर नावाच्या शेवटी 'नुंग' किंवा 'रुंग' येतं, आणि वस्तू सापडल्या पण माणूस कोण ते कळलं नाही तर 'चोंग'. म्हणून मिचू राजाची समाधी रुंग, आणि शेजारची चॉनमाचोंग.

चॉनमाचोंगच्या आत जाता येतं, तिकीट काढा आणि जा. १९७३ मध्ये ही खणली ती खरं तर सराव म्हणून, तो शेजारचा मोठा ढिगारा खणायच्या आधी हात बसावा म्हणून, आणि त्या सरावातच सोन्याचा मुकुट निघाला, वर अकरा हजारांहून जास्त वस्तू! आत गेलात की ढिगारा उभा कापून दाखवलाय त्याच्यासमोर जरा थांबा. मध्ये लाकडी खोली, त्यावर माणसाच्या डोक्याएवढे गोटे रचलेले, आणि त्यावर माती. आता यात चोराने बोगदा खणला तर काय होईल, गोटे धडाधड अंगावर येणार. म्हणून दीड हजार वर्षं हे सोनं जागेवर राहिलं. मी पाऊण तास तिथेच उभी होते, बाकीचे लोक येऊन फोटो काढून जात होते. चॉनमा म्हणजे स्वर्गीय घोडा, आणि हा नावातला घोडा म्हणजे बर्च झाडाच्या सालीवर रंगवलेला पांढरा घोडा, घोडेस्वाराच्या अंगावर चिखल उडू नये म्हणून खोगिराखाली लटकवायच्या पट्टीवर काढलेला. एवढी साधी वस्तू, आणि त्यावर एवढं जीव ओतून काम.

मिचू राजाची गोष्ट जाताजाता सांगते. त्याच्या मागून कधीतरी शत्रू चालून आला, सिल्लाचं सैन्य हरायला आलं, तेवढ्यात कानांत बांबूची पानं खोचलेले अनोळखी सैनिक कुठूनसे आले आणि लढाई जिंकून नाहीसे झाले, मग लोकांना बांबूची पानं सापडली ती या राजाच्या समाधीसमोर, ढिगाने. दंतकथा आहे, पण त्या ढिगाऱ्यासमोर उभं राहून ऐकली की अंगावर काटा येतो.

तिथून दक्षिणेला चालत चॉमसॉंगदे. हीच ती वेधशाळा, सॉन्डॉक राणीच्या काळातला दगडी बुरूज, ती सिल्लाची पहिली स्त्री राज्यकर्ती, ६३२ ते ६४७. उंची नऊ मीटर, लांबून बघाल तर म्हणाल एवढाच? पण जवळ जा आणि दगडांचे थर मोजा, सत्तावीस भरतात, आणि सॉन्डॉक ही सिल्लाची सत्ताविसावी राज्यकर्ती. मध्यावर दक्षिणेला एक चौकोनी खिडकी आहे, आत त्या खिडकीच्या उंचीपर्यंत माती भरलेली, म्हणजे शिडी लावून खिडकीतून आत शिरायचं आणि तिथून वर चढायचं. २०१६ मध्ये ग्योंगजूला ५.८ चा भूकंप झाला, वरचे दगड किंचित हलले, बुरूज उभा राहिला. एप्रिलच्या सुरुवातीला या भागात चेरीची झाडं फुललेली असतात, तुमची वेळ छान जुळतेय.

पुढे ग्येरिम. जुन्या झाडांची छोटीशी राई, बघायला तसं काही नाही, पण ह्यांना इथे बाकावर टेकवा. गोष्ट अशी की रात्री या राईतून कोंबडा आरवला, बघितलं तर फांदीला सोन्याची पेटी टांगलेली, खाली पांढरा कोंबडा, आणि पेटीत बाळ. तो सिल्लाच्या किम राजघराण्याचा मूळपुरुष. ग्येरिम म्हणजेच कोंबड्याची राई, आणि पुढे अख्ख्या राज्यालाच लोक ग्येरिम म्हणायला लागले.

राईच्या मागे ग्योचॉन, जुन्या वाड्यांची वस्ती. हे सिल्लाच्या काळातलं नाही, खूप नंतरचं, पण इथला चोई घराण्याचा वाडा सोडू नका, वाडा म्हणून नाही तर त्यांचे घरचे नियम म्हणून. पिढ्यान् पिढ्या गडगंज श्रीमंत, आणि नियम काय तर दुष्काळाच्या साली कुणाची जमीन विकत घ्यायची नाही. शंभर री म्हणजे चाळीसेक किलोमीटरच्या परिसरात कुणी उपाशी मरता कामा नये. नवी सून घरात आली की पहिली तीन वर्षं तिने साधं सुती कापडच नेसायचं. आपण दुष्काळी जिल्ह्यातली माणसं, अडलेल्याची जमीन कशी कवडीमोलाने जाते हे आपल्या आजोबा-पणजोबांनी बघितलंय, त्यामुळे तो पहिला नियम वाचल्यावर मला पुढे चालवेना. जवळच वॉलजॉंगग्यो, छपराचा लाकडी पूल, मूळचा ७६० चा, आताचा २०१८ मध्ये पुन्हा उभारलेला. त्यावरून एक चक्कर पुरे.

मग वॉलसॉंगची टेकडी, चंद्रकोरीसारखी. राजवाडा इथे होता, आता गवत आणि पाइनची झाडं. वर दगडी बर्फघर आहे ते १७३८ चं, थंडीत नदीचा बर्फ आणून उन्हाळ्यापर्यंत ठेवायचे. टेकडी उतरून पलीकडे गेलात की म्युझियम. दुपार इथे काढा, बसायला जागा आहे, स्वच्छ बाथरूम आहे, नेहमीच्या दालनांना तिकीट नाही. समाधी आधी आणि म्युझियम नंतर असंच करा, कारण ढिगाऱ्याच्या पोटातून आल्यावर सोन्याचा मुकुट काचेत दिसला की तो कुणाच्या तरी डोक्यावर होता हे पटतं. अंगणात सॉंगडॉक राजाची घंटा आहे, ७७१ ची, १८.९ टन. मुलाने बापाच्या स्मरणार्थ करायला घेतली आणि नातवाने पूर्ण केली. आता वाजवत नाहीत, रेकॉर्डिंग लावतात, ते लागेपर्यंत थांबाच. आवाज संपला असं वाटतं आणि मग परत लाट येते. घंटेवर कोरलेल्या अप्सरा गुडघ्यावर बसल्यात, हातात धूपपात्र, वस्त्रं वर उडतायत.

संध्याकाळ फक्त वॉलजीसाठी, म्युझियमपासून थोडंसंच चालायचंय. हा राजवाड्याचा तलाव, ६७४ चा, मुनमू राजाने केलेला. सिद्धेश्वर तलाव कसा काठावर उभं राहिलं की समोर पसरलेला दिसतो, याचं उलटं आहे, काठ मुद्दाम इतका वाकडातिकडा ठेवलाय की कुठेही उभे राहा, अख्खा तलाव एका नजरेत दिसतच नाही, मग छोटा तलाव पण समुद्र वाटतो. १९७५-७६ मध्ये गाळ उपसला तेव्हा तीस हजारांहून जास्त वस्तू निघाल्या, त्यात चौदा बाजूंचा लाकडी फासा. मेजवानीत टाकायचा, आणि जे येईल ते करायचं: तीन पेले एका दमात, किंवा आवाज न करता नाच, किंवा सगळ्यांकडून नाकावर टपली! दुर्दैवाने मूळ फासा टिकवण्यासाठी वाळवताना जळून गेला, आता बघायला मिळते ती प्रतिकृती. अंधार पडायच्या अर्धा तास आधी आत जा, दिवे लागताना मंडप पाण्यात उलटे दिसायला लागतात. शेवटचा राजा ग्योंगसुन याने ९३१ मध्ये इथेच कोर्यो या नव्या राज्याच्या राजाला, वांग गॉनला, मेजवानी दिली आणि ९३५ मध्ये राज्य त्याच्याच हवाली केलं.

यादीतलं ह्वांगन्योंगसा हे बौद्ध मंदिर राहिलं. नऊ मजली लाकडी मनोरा होता, ६४५ चा, मंगोलांनी १२३८ मध्ये जाळला, आता पायाचे दगड आहेत. पाय बोलत असतील तर सोडा. वॉलजीवरून बसस्टँडला परत चालू नका, टॅक्सी करा.

प्रश्न : मी पण तिकडे जाणारे, पण शुद्ध शाकाहारी. दिवसभर चालायचं तर खायचं काय? (एक वाचक, सात रस्ता)

उत्तर : अडचण मटणाची नाही हो, ते दिसतं तरी. अडचण आहे सुक्या मासळीच्या रश्श्याची आणि किमचीतल्या मासळीच्या सॉसची, ते दिसत नाही. बिबिम्बाप मागा, म्हणजे भातावर निरनिराळ्या भाज्या, मटण नको अंडं नको हे कोरियनमध्ये लिहून फोनवर ठेवा आणि दाखवा, सोबतचं सूप सोडा. गोड म्हणून ह्वांगनाम पाव, १९३९ पासून गावात होतो, आत लाल चवळीसारख्या डाळीचं वाटण, आपल्या पुरणाच्या फार जवळचं, पण वरच्या पिठात अंडं असतं, चालत नसेल तर नको. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बॅगेत असू द्या. चटणी नीट सील करून न्या, तेल सुटलं की कपड्यांची वाट लागते. देरुंगवॉनच्या आत डबा उघडू नका, बाहेर बाक आहेत.

प्रश्न : सिल्ला आणि आपला काही संबंध होता का? (सोलापूरचा एक विद्यार्थी)

उत्तर : हेचो नावाचा सिल्लाचा तरुण भिक्खू आठव्या शतकात समुद्रमार्गे भारतात आला आणि मध्य आशियातून ७२७ मध्ये परत चीनच्या हद्दीत पोचला. त्याच्या प्रवासवर्णनाची पोथी १९०८ मध्ये फ्रेंच अभ्यासक पॉल पेलियोला चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहेत सापडली, आज ती पॅरिसला आहे. मध्य भारतातून तीन महिने चालून दक्षिणेच्या राजाच्या गावी पोचल्याचं तो लिहितो, राजाकडे आठशे हत्ती असल्याचंही. तेव्हा आपल्या भागावर बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं. दक्षिणेच्या त्या वाटेवरच त्याने चांदण्या रात्री घरची आठवण काढून एक कविता केली. ढग गावाकडे चाललेत, त्यांच्याबरोबर पत्र धाडावं तर वारा थांबून ऐकत नाही, आणि इथे दक्षिणेत तर हंससुद्धा नाहीत, मग माझी खबर घेऊन ग्येरिमला उडत जाणार कोण, असं तो विचारतो. वरच्या काकू ज्या राईत बाकावर टेकणार आहेत, तेच हे ग्येरिम.