एप्रिलचा गुणतक्ता बघून घाबरू नका

वॉशिंग्टन नॅशनल्स या अमेरिकी बेसबॉल संघाच्या चाहत्यांत मनापासून स्वागत! पहिल्या दहा सामन्यांवरून ‘यंदा काही खरं नाही’ असं ठरवून टाकू नका. आयपीएलची साखळी 14 सामन्यांची, इथला नियमित हंगाम 162 चा. 2019 मध्ये हाच संघ पहिल्या 50 पैकी 31 सामने हरला होता आणि त्याच वर्षी त्याने वर्ल्ड सिरीज (विजेतेपदाची अंतिम मालिका) जिंकली, तीही चारही विजय प्रतिस्पर्धी ह्यूस्टनच्या मैदानावर मिळवून! उलट टॅम्पा बे या दुसऱ्या संघाने 2023 ची सुरुवात सलग 13 विजयांनी केली, पण प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत ते बाद झाले.

सध्या एवढंच करा:

- एक स्टार्टर पिचर (सामन्याची सुरुवात करणारा गोलंदाज) निवडा. तो साधारण दर पाच-सहा दिवसांनी खेळतो. त्याचेच सामने पूर्ण बघा. तोच फलंदाज तिसऱ्यांदा समोर आला की पिचर काय बदलतो, याकडे लक्ष द्या. खेळाची खरी गोडी इथेच लागते, म्हणून हे सगळ्यात आधी.
- रोज जागू नका. वॉशिंग्टनचा संध्याकाळी पावणेसातचा सामना भारतात पहाटे सव्वाचारला सुरू होतो. बाकीच्यांचे हायलाइट्स पुरेत.
- फलंदाजाला लगेच नावं ठेवू नका. फलंदाजीच्या 50 संधींत 9 हिट (बाद न होता बेस गाठून देणारे फटके) म्हणजे सरासरी .180, तीनच हिट जास्त असत्या, तर .240 दिसली असती.

वॉर (खेळाडूचं एकूण मोल), एफआयपी (पिचरची कामगिरी) वगैरे मोजणारी किचकट आकडेवारी जूनपर्यंत बाजूलाच ठेवा. कुठला पिचर निवडलात ते मात्र नक्की कळवा.