बर्मिंगहॅमची गाडी पार्ल्यात आणायची आहे

प्रश्न : आठ वर्षांनी आम्ही बर्मिंगहॅमहून कायमचे विलेपार्ल्याला परत येत आहोत. आमच्या दोन लिटर पेट्रोल एसयूव्हीच्या पहिल्या नोंदणीला तीन वर्षं व्हायला अडीच महिने आहेत, गाडी उजव्या स्टिअरिंगची आहे. थोडे हप्ते बाकी आहेत. एजंट म्हणतो, ड्यूटी आता 70 टक्क्यांवर आलीय, गाडी न्हावा-शेव्याला उतरवू आणि रोड टॅक्स वाचवायला पुद्दुचेरीत नोंदवू. घरसामानात दाखवली तर करच लागत नाही, असं यजमानांचे मित्र सांगतात. आगाऊ रक्कम द्यावी का?

उत्तर : अजून देऊ नका.

मित्रांचं म्हणणं आधी निकालात काढू. सीमाशुल्क कायदा, 1962 च्या कलम 2(3) नुसार प्रवाशाच्या सामानात मोटार वाहन येतच नाही. फ्रिज, सोफा, भांडीकुंडी यांच्या सवलती गाडीला लागू नाहीत. कायमचं परतणाऱ्यांसाठी आयात धोरणात एक वेगळी तरतूद आहे, पण ती आयात परवान्यापुरती. कर पूर्ण भरावाच लागतो.

आता ते 70 टक्के. एजंट खोटं बोलत नाही, अर्धं बोलतोय. 2025 च्या अर्थसंकल्पात जुन्या मोटारींवरचं मूळ सीमाशुल्क 125 वरून 70 टक्के झालं, हे खरं. पण त्याच दिवशी 67.5 टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर बसला. बेरीज 137.5. समाजकल्याण अधिभार धरून आधीही तेवढीच होती! त्यावर जीएसटी. 22 सप्टेंबर 2025 पासून तुमच्यासारख्या मोठ्या इंजिनाच्या गाडीला तो 40 टक्के आहे, आणि तो सीमाशुल्क मिळवून आलेल्या रकमेवर लागतो.

समजा कस्टम्सने गाडीची किंमत जहाजभाडं आणि विम्यासकट 20 लाख धरली. 27.5 लाख सीमाशुल्क आणि उपकर, म्हणजे 47.5 लाख. त्यावर 40 टक्के, म्हणजे आणखी 19 लाख. झाले 66.5 लाख. महाराष्ट्रात आयात गाडीला एकरकमी मोटार वाहन कर 20 टक्के आहे, तो आणखी 13 लाखांच्या आसपास. ऐंशी लाखांच्या घरात गेलात, आणि गाडी तीन वर्षं वापरलेली. याला आपल्याकडे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात. शिवाय 20 लाख हा आकडा तुम्ही ठरवायचा नाही. साधारणपणे नव्या गाडीच्या मूळ किमतीतून घसारा वजा करून कस्टम्स तो काढतं. तिथल्या जुन्या बाजारातला भाव दाखवून उपयोग होईल, असं धरून चालू नका.

पैशांची तयारी असेल तरी खरी अडचण पुढेच आहे. जुनी गाडी तीन वर्षांपेक्षा जास्त जुनी नको, ही अट उत्पादनाच्या तारखेपासून मोजतात, नोंदणीच्या नव्हे. तुमच्या व्ही5सी वर, म्हणजे तिथल्या नोंदणीपुस्तकावर, पहिल्या नोंदणीची तारीख असते. गाडी कारखान्यातून निघून शोरूमच्या आवारात तीन-चार महिने उभी राहिली असेल, तर तुमचे अडीच महिने कधीच संपले आहेत. या तीन वर्षांचं दुसरं टोक म्हणजे आयातीची तारीख. समुद्रमार्गे आलेल्या मालाला ती बिल ऑफ लेडिंगवरची, म्हणजे माल जहाजावर चढवल्याच्या पावतीवरची, धरतात. तेव्हा आजच कंपनीला चॅसिस नंबर कळवून उत्पादनाची तारीख लेखी मागवा. ते पत्र हाती येईपर्यंत कंटेनर बुक करू नका.

न्हावा-शेवाही नको. नव्या गाड्यांच्या बंदरांच्या यादीत ते आहे. जुन्या गाडीसाठी मात्र धोरणात एकच नाव आहे, मुंबई बंदर. खाडीपलीकडे काय फरक पडतो, असं वाटेल. पडतो, कारण तिथलं कस्टम्स हाउस वेगळं आहे.

चाचण्यांबद्दल एजंट काही बोललेला दिसत नाही. जहाजावर चढवण्याआधी अधिकृत संस्थेची तपासणी आणि प्रमाणपत्र, पुढची पाच वर्षं गाडी रस्त्यावर चालण्याजोगी असल्याचं घोषणापत्र, तेवढा काळ भारतात सर्व्हिस मिळण्याची हमी. गाडी उतरल्यावर, सुटका होण्याआधी, पुण्याची एआरएआय किंवा नगरची व्हीआरडीई अशा वाहन तपासणाऱ्या संस्थेत पुन्हा चाचणी. तोवर गोदामाचं भाडं चढत राहतं.

यातली एखादी अट मोडली तर गाडी सीमाशुल्क कायद्याच्या कलम 111 खाली जप्त होऊ शकते आणि 112 खाली दंड वेगळा. कलम 125 नुसार दंड भरून सोडवून घेण्याची मुभा मिळू शकते. पण आयातीवर बंदी असलेल्या मालाबाबत ती द्यायची की नाही, हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतं. त्या भरवशावर गाडी पाठवू नये.

पुद्दुचेरीचा बेत सोडूनच द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 40 नुसार नोंदणी तुमचं राहणं किंवा व्यवसाय जिथे आहे आणि गाडी जिथे एरवी उभी असते, त्या राज्यात करायची. गाडी पार्ल्यात असणार, तर अंधेरी आरटीओकडे नोंदणीचा अर्ज, म्हणजे फॉर्म 20, भरा, सोबत कस्टम्सचे कागद जोडा. सप्टेंबर 2025 मध्ये केरळात भूतानमार्गे आलेल्या जुन्या महागड्या गाड्यांवर कस्टम्सच्या धाडी पडल्या. कागद दुसऱ्या राज्यांतून बनवून आणले होते, असा विभागाचा आरोप आहे. पथकं पोचली ती गाडी ज्यांच्या दारात उभी होती त्यांच्याकडे. मधला एजंट तोवर फोन उचलेल याची खात्री देता येत नाही.

माझ्या मते गाडी तिथेच विका आणि इथे नवी घ्या. तरीही आणायचीच असेल (गाडीत जीव अडकतो, मान्य आहे), तर हप्त्यांचं आधी बघा. करार पीसीपी पद्धतीचा (महिन्याचे हप्ते आणि शेवटी एक मोठी रक्कम) असेल तर शेवटची रक्कम फिटेपर्यंत मालकी फायनान्स कंपनीची असते, आणि तिच्या लेखी परवानगीशिवाय गाडी देशाबाहेर नेणं हा तिथेच करारभंग ठरतो. कर्ज फेडून पत्र घ्या, मग व्ही5सी मधला कायमच्या निर्यातीचा भाग भरून डीव्हीएलएला, म्हणजे तिथल्या वाहन नोंदणी कार्यालयाला, कळवा. उत्पादनाच्या तारखेचं पत्र आलं की एजंटाला एकच विचारा : बिल ऑफ लेडिंगवर मुंबई बंदर आणि त्या मुदतीतली तारीख लिहून देतोस का? कागदावर लिहून दिलं, तरच आगाऊ रकमेचा विषय काढा.